खिडकीतल्या बाईचं काय झालं

महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चिमणशेठचा सिनेमाचा तंबू डहाणूच्या किनाऱ्यावर, मांगेल्या मच्छीमारांच्या वाडीला लागून उभा राहिला. चिमणशेठ उंबरगावचा. काल-परवापर्यंत उंबरगाव आणि डहाणू एकाच जिल्ह्यात नांदत होते. आता त्याचं घर एका राज्यात पडलं आणि धंदा दुसऱ्या राज्यात, आणि दोन्हीकडचे साहेब त्याला पलीकडचा म्हणून वागवायला लागले. तरी माणूस हसतमुख. "सरहद कागदाची असते, पडदा कापडाचा असतो. कापड जास्त टिकते," असं म्हणायचा.

तंबूला सपाट जागा हवी होती आणि तशी जागा एकच होती, बोंबील वाळवायची वाळू. बांबूच्या वलांड्या तिथे रांगेनं उभ्या असत आणि त्यांच्यावर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील लटकत असत. ही जागा कुणाच्या मालकीची हे सरकारलाही नीट ठाऊक नव्हतं, पण ती कुणाच्या हुकमतीतली हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती बायकांची होती. चिमणशेठ आधी पुरुषांशी बोलायला गेला, तर पुरुषांनी त्याला हंसाकडे पाठवलं.

हंसा तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. नवरा नारू होडीवर, सासू भीमा घरावर आणि हंसा बाजारावर, अशी त्या घराची वाटणी होती. सुके बोंबील घेऊन ती थेट तलासरीच्या आठवडी बाजारापर्यंत जायची, त्यामुळे परक्या माणसाशी बोलणी करायची असली की वाडी तिलाच पुढे घालायची.

"दोन वलांड्या हलवाव्या लागतील, हंसाबेन," चिमणशेठ म्हणाला.

"दोन नाय, चार. तुझा तंबू तुझ्या पोटासारखा आहे. दिसतो त्याहून जास्त जागा खातो."

"मग देऊ काय त्याचं?"

"काही देऊ नको. तंबू आहे तोवर वाडीतल्या बायका फुकट बसतील."

"बायका किती?"

"बायका मोजायच्या नसतात शेठ. नजर लागते."

ठरलं. पहिले काही दिवस देवांचे खेळ झाले आणि वाडी खूष होती. मग चिमणशेठनं जाहीर केलं की आता विलायती खेळ लागणार. खुनाचा. एक माणूस पैसे घेऊन खून करतो, त्याची गोष्ट.

इथे भीमा आडवी आली. तिचा राग खुनावर नव्हता. तिचं म्हणणं निराळं होतं. त्या वाडीत एक नेम होता: होडी पाण्यावर असताना गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही. कुण्या एका पणजीनं म्हणे कहाणी अर्धी सोडून चुलीवरचा भात बघायला धाव घेतली होती, आणि तिच्या घोवाची होडी वारं असून जागच्या जागी फिरत राहिली होती. तेव्हापासून पुरुष समुद्रावर असले की वाडीतल्या बायका सुरू केलेली गोष्ट संपवूनच उठत. कहाणीच नव्हे, कुणाच्या सुनेची चुगली असली तरी ती शेवटापर्यंत न्यायची. म्हणूनच मांगेल्यांच्या बायका फार बोलतात, असं गावातले लोक म्हणत. त्यांना कारण ठाऊक नव्हतं.

"देवाच्या खेळाचा शेवट आपल्याला ठाऊक असतो," भीमा म्हणाली. "ह्या गोऱ्यांच्या खेळाचा शेवट कुणाच्या हातात?"

"चिमणशेठच्या," हंसा म्हणाली. "डबे त्याच्याजवळ असतात. पुरा खेळ दाखवायचा असं ठरलंय आय. मी बोलून घेतलंय."

नारू त्याच दिवशी भरतीला निघायचा होता. जाळं खांद्यावर टाकता टाकता म्हणाला, "बघ तू. मी परत आलो की मला सांग. गोरे लोक पैसे देऊन खून करवतात म्हणजे त्यांच्यात भाऊबंद नसतील."

तो गेला आणि दिवेलागणीला हंसा वाडीतल्या झाडून साऱ्या बायका घेऊन तंबूत जाऊन बसली. भीमाही आली. विरोध असला तरी आपल्या गैरहजेरीत काही चुकायला नको, हाही तिचा नेम होता.

पडद्यावर धुकं होतं. धुक्यातून टोपीवाला, लांबुळका, छत्री घेतलेला माणूस आला. "आ खुनी छे," चिमणशेठ भोंग्यातून म्हणाला. मग बारीक मिशीचा एक जण आला. "आ शेठ छे. शेठला एक विधवा बाईचा घर पायजे. बाई घर सोडत नाय. म्हणून शेठ खुनीला पैसा देते. अर्धा आत्ता, अर्धा काम झाल्यावर." इतकं सांगून चिमणशेठनं भोंगा ठेवला. त्याला तरी इंग्रजी कुठे येत होतं.

त्या सिनेमावाल्या साहेबांजवळ पैसा बेताचाच असावा. त्यांच्याकडे एकच जिना होता. शेठच्या घरी खुनी त्यावरून वर जाई आणि बाईच्या घरी त्यावरूनच खाली येई. मोटारही एकच. शेठ तीच चालवी आणि पोलीसही तिच्यातूनच येत.

"भाड्याची आहे गो," शेजारची पुतळी म्हणाली. "बघ, चाकावरच्या पत्र्याला तोच पोचा."

"खुनी भाड्याचा, मोटार भाड्याची. ह्यांचं स्वतःचं काय आहे मग?"

"धुकं."

गाणं एकही नव्हतं. पण हळूहळू बायका गप्प झाल्या. तो खुनी पाळत ठेवायला म्हणून त्या विधवेच्याच घरात भाड्याची खोली घेऊन राहिला. एकटाच उभ्या उभ्या उकडलेलं अंडं खायचा. बाईला त्याची दया आली. तिनं त्याला बसवून चहा दिला. त्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते शिवून दिलं, दोरा दातानं तोडला. त्या वेळी खुन्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. हंसाच्या मनात आलं, आता ह्याला जड जाणार.

मग तो समोरच्या इमारतीत गेला. पेटीतून बंदूक काढली, जोडली. पलीकडच्या खिडकीत बाई लोकर गुंडाळत बसली होती, तिला काही कल्पना नव्हती. खुन्यानं बंदूक खांद्याला लावली. एक डोळा मिटला.

आणि एकदम शंख वाजला. घंटा वाजल्या. पडद्यावर देवांचं लग्न लागलं होतं, आकाशातून फुलं पडत होती आणि जटा बांधलेले ऋषी हात वर करून आशीर्वाद देत होते. "आरती, आरती, उभे ऱ्हा," चिमणशेठ भोंग्यातून ओरडला आणि तबक घेऊन स्वतःच लोकांत फिरायला लागला.

सगळे उठले. हात जोडले गेले. पडद्यावर देव आला की माणूस मागचा हिशेब विचारत नाही, हे चिमणशेठनं गावोगाव पाहिलेलं होतं. डहाणूतले पुरुष कपाळाला हात लावून घरी चालायला लागलेही.

भीमानं आरती म्हटली, खडीसाखर तोंडात टाकली आणि पुन्हा खाली बसली.

"मग बाई मेली की जगली?" तिनं विचारलं.

"देव आला ना, माजी," चिमणशेठ म्हणाला. "देव आला म्हणजे सगळा चांगला झाला."

"देव कशाला आला? बाईला न्यायला आला की वाचवायला आला? दोन्ही कामं त्याचीच."

चिमणशेठ इकडेतिकडे बघायला लागला. बायका एकेक करून खाली बसल्या. कुणी आवाज चढवला नाही, कुणी भांडलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, जशा वलांडीखाली बसतात. तेव्हा हंसा उठून तंबूच्या मागे गेली आणि चिमणशेठला बोलावून घेतलं.

"शेवटचा डबा लाव."

"नाय हाय, बेन." त्यानं टोपी काढून हातात घेतली. मुंबईत एकानं धंदा बंद केला, त्याचा माल त्यानं घाऊक उचलला होता. खुनाच्या खेळाचा शेवटचा डबा त्यात नव्हताच. देवाच्या एका खेळाचा मात्र शेवटचाच डबा होता, बाकीचे नव्हते. एकाच्या टोकाला दुसऱ्याची पट्टी जोडून चिमणशेठनं दोन्ही विधुरांचं लग्न लावून दिलं होतं. "आख्ख्या मुलखात दाखवला, कोणी विचारला नाय. तुमची वाडीच अशी. तू सांगशील तो अंत मी भोंग्यावर सांगतो. बाई वाचली सांगू?"

"तू पाहिलास तो शेवट?"

"नाय."

"मग सांगू नको. न पाहिलेला शेवट अर्ध्याहून वाईट. समुद्रावर खोटा दिवा दाखवावा तसं ते."

ती परत आली. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे होतं आणि भीमाचं जरा जास्त. हंसानं खरं ते सांगितलं आणि सगळ्यांदेखत आपल्या पदराला गाठ मारली. शेवट मिळेपर्यंत ही गाठ माझ्याकडे, असा त्याचा अर्थ. असं करून उठायला नेमात वाट होती, पण ती फार कुणी धरत नसे. कारण मग गोष्ट आणि होडी दोन्ही त्या एकीच्या पदरात येत.

"बांधलीस ना," भीमा म्हणाली. "आता सोडव."

ठरल्या भरतीला वाडीच्या होड्या आल्या. नारूची आली नाही. पुढच्या भरतीलाही आली नाही. वारं पडलंय, कुठेतरी थांबले असतील, असं आलेले लोक म्हणाले. हे दर हिवाळ्यात एकदा तरी व्हायचं, आणि एरवी हंसा बोंबील उलटसुलट करत वाट बघत राहिली असती. पण आता विहिरीवर गेली की बोलणं थांबायचं.

"काही कळलं का गो?" पुतळी विचारायची.

"होडीचं?"

"होडीचं कसं कळेल? बाईचं."

ती बाई कुठल्या मुलखातली, कुठल्या सालातली, खरी की खोटी, हे कुणाच्या गावी नव्हतं. ती अजून खिडकीत लोकर गुंडाळत बसली होती, आणि ती उठेपर्यंत नारू यायचा नव्हता. हंसाला स्वतःला हे सगळं पटत होतं का? दिवसा पटत नसे. अंथरुणाला पाठ टेकली की पटे.

ती डहाणू रोडला गेली. तिथले तिकीट मास्तर शौकीन म्हणून प्रसिद्ध होते. सुटी मिळाली की मुंबईला जाऊन इंग्रजी सिनेमा बघून येत. हंसानं खिडकीशी उभं राहून सिनेमाची ओळख सांगितली: धुकं, छत्री, एकच मोटार, बटण.

"पाहिलाय की," मास्तर म्हणाले. "उत्तम आहे. त्या चहाच्या प्रसंगात तर..."

"शेवटी काय झालं?"

मास्तरांचा चेहरा पडला. "तो बंदूक लावतो ना, तिथे मी उठलो. गाडी होती."

"थोडं थांबायचं."

"बाई, मी तिकीट मास्तर. मीच गाडी चुकवली तर लोकांना काय तोंड दाखवू?"

मग ती घोलवडला बरजोरजींच्या चिकूच्या वाडीत गेली. म्हातारा पारशी बावा, तिच्याकडून बोंबील घेणारा. ओट्यावर बसून चिकू निवडून पेट्या भरून घेत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आनंदानं मांडीवर थाप मारली.

"बगितला ने मी. फस्टक्लास पिक्चर. बटणचा सीनमंदी मी रडला."

"मग बाईला मारलं का त्यानं?"

"ते मला काय ठाऊक? डीकरी, आपण डहाणू-घोलवडचा माणूस, मुंबईमंदी कदी पिक्चरचा शेवट बगतो काय? गाडी कोण थांबवणार? माजा लगन झाला तवापासून एक पण पिक्चरमंदी खुनी कोण ते मला कळला नाय. मी आपला समजून घेते, नोकर असेल."

"ह्यात तर खुनी पहिल्यापासून ठाऊक आहे."

"म्हणून तर हा मला जास्त आवडला." त्याला तिची फार दया आली. पाटीत चिकू टाकून म्हणाला, "घे. नारूला देजे. येल तो. शेवट नाय ठाऊक म्हणून कोण मरत नाय. मी हाय ने जिवंत."

हंसा परत निघाली तेव्हा तिला पहिल्यांदाच उमगलं की स्टेशनापासून घोलवडपर्यंत, कोट घालणाऱ्या आणि टोपी घालणाऱ्या साऱ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकानंही कधी कुठल्या गोष्टीचा शेवट पाहिलेला नाही. सगळे खिडकीपर्यंत जाऊन परत आलेले. आणि ह्यांच्या बायका घरी निर्धास्त झोपत होत्या.

राहिली तलासरी. चिमणशेठचा तंबू डहाणूला यायच्या आधी तिथे होता. बाजाराच्या दिवशी तिनं पाट्या एस.टी.च्या टपावर चढवल्या, कंडक्टरची नेहमीची बोलणी खाल्ली आणि तलासरीला उतरली. मन बाजारात नव्हतं. तिची शुक्री नावाची एक वारली गिऱ्हाईक होती. नागली आणायची आणि बोंबील न्यायची. दोघींचं असं वर्षानुवर्षं चाललेलं. शुक्री चिंचेखाली टोपली घेऊन बसली होती. हंसानं बोंबील आधी तिच्यासमोर ठेवले आणि मग विचारलं.

"तो छत्रीवाला?" शुक्री म्हणाली. "पाहिला ना. मी पाहिला, म्हाताऱ्यानं पाहिला, सगळ्या पाड्यानं पाहिला."

"शेवट पाहिलास?"

"शेवट पाहिल्याबिगर कोण उठतं, बाय? आम्हाला कुठं गाडी धरायची होती?"

हंसा खालीच बसली. "मग सांग."

"सांगायचं काय? त्यानं डोळा मिटला. मग बंदूक खाली ठेवली."

"ते दाखवलं नाही शुक्री. मी समोर बसले होते. डोळा मिटला आणि शंख वाजला."

"तू डोळ्याकडं पाहत होतीस. मी खांद्याकडं पाहत होते." शुक्रीनं एक बोंबील उचलून वाकवून पाहिला, कडक आहे का ते. "तो खुनी नव्हता बाय. गडी होता. शेठची उचल घेतलेला. आमचे बाप नाय का, लग्नाला उचल घेतली आणि जन्म काढला शेठच्या दारात. शेठ म्हणेल ते करायचं. झाड तोड म्हटलं तोडायचं, माणसाला बांध म्हटलं बांधायचं. मग एक साल आलं. गवत कापायला कुणी गेलंच नाय. शेठ आला, म्हणाला उचल घेतलीय. आम्ही म्हटलं, घेतली. आता नाय येत. त्या दिवशी माझ्या बापाचा खांदा पाहिला मी. विळा हातात होता, पण खांदा पडला होता. मग विळा पडायला काय वेळ लागतो? त्या छत्रीवाल्याचा खांदा तसाच पडला. शंखाच्या आधी. पाहिलं मी."

हंसा आठवून बघायला लागली. पडदा, धुकं, मिटलेला डोळा. खांदा हलला होता का? हलला असावा. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

"आणि गोळी झाडली असती," शुक्री म्हणाली, "तर देव फुलं घेऊन आले असते? लाकडं घेऊन आले असते."

"तू पाहिलंस ना? नक्की?"

"ह्या डोळ्यांनी. आता बोंबील देतेस की नुसतेच दाखवतेस?"

हंसानं दोन मुठी जास्त घातले. मग तिथेच चिंचेखाली पदराची गाठ सोडायला घेतली. समुद्राच्या पाण्यानं आणि घामानं ती इतकी आवळली होती की शेवटी दात लावावे लागले.

एस.टी. डहाणूला पोचली तेव्हा दिवस कलला होता. वाडीच्या तोंडाशीच तिला पुतळी दिसली आणि पुतळीचा चेहरा बघून कळलं. नारूची होडी वाळूत ओढून ठेवलेली होती. नारू घरात पाटावर बसून भात खात होता आणि भीमा त्याच्यासमोर बसून तो भात खातो आहे याची खात्री करून घेत होती. डोलकाठी तडकली, म्हणून ते नारगोल बंदरात शिरले होते आणि सुताराला शोधण्यात दिवस गेले, इतकीच हकिगत होती.

"गाठ कुठंय?" भीमानं सुनेचा पदर बघून विचारलं.

"सोडली."

"कधी?"

"दुपारी. तलासरीला. शेवट मिळाला."

भीमानं नारूकडे पाहिलं. "आणि तुमची होडी कधी लागली?"

"दुपारीच," नारू म्हणाला. "पण आय, आम्ही निघालो होतो सकाळी, उजाडल्याबरोबर. तेव्हा ही एस.टी.त पण बसली नसेल."

"निघायला काय, कुणीही निघतं," भीमा म्हणाली. "पोचलात कधी ते बोल."

ह्यावर नारू जेवत राहिला. वाडीत मात्र दिवे लागायच्या आत सगळ्यांना कळलं होतं की तलासरीला गाठ सुटली आणि इथे होडी वाळूला टेकली. सकाळचं कुणी काढलं नाही.

हात धुऊन नारू ओट्यावर येऊन बसला. हंसानं त्याच्यासमोर बरजोरजींचे चिकू ठेवले.

"हं," तो म्हणाला. "काय झालं मग त्या खेळात?"

तिनं सगळं सांगितलं. धुकं, मोटारीचा पोचा, अंडं, बटण. खिडकी आली तसा नारूचा चिकू हातातच राहिला. मग तिनं खांदा सांगितला, आणि बंदूक खाली ठेवली ते सांगितलं. सांगताना तिला ते दिसतच होतं. तिनं पाहिलं होतं, असंही आता म्हणायला हरकत नव्हती.

"आणि शेठचं?" नारूनं विचारलं.

भीमानं आतून मान बाहेर काढली. पुन्हा एक अर्धी गोष्ट घरात शिरत होती.

"शेठला दुसरा गडी मिळाला नाय," हंसा म्हणाली. "संपलं."

पुढे काही वर्षांनी होड्यांना इंजिनं बसली, वाडीत एकाच्या घरी रेडिओ आला आणि चिमणशेठचा तंबू ठिगळांनी वजनदार झाला. तो येत राहिला, पण खुनाचा खेळ त्यानं डहाणूला पुन्हा लावला नाही. एका हिवाळ्यात मात्र तो तंबू ठोकायच्या आधी थेट हंसाच्या दारात आला. हातात एक डबा होता.

"मिळाला, बेन," तो म्हणाला. "छेल्ला डबा, शेवटचा. मुंबईमंदी एक जुना माल काढणाऱ्याकडे सापडला. बाकी डब्यांपेक्षा हा एकच महाग पडला. तुझ्या सासूनं मला विचारला होता ना, ते माझ्या मनात राहिला होता. आता असली अंत दाखवतो. पहिला खेळ तुमचा."

त्याचे केस पिकले होते. हंसानं त्याला चहा दिला. वलांड्या हलवून दिल्या. नको कसं म्हणणार? गावात पाट्या लागल्या, त्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'विलायती खुनी, आता अंतासह.' तिकीट मास्तर, जे तोवर निवृत्त झाले होते, सहकुटुंब आले. बरजोरजी घोलवडहून टांग्यानं आला, कारण ह्या खेळानंतर कुठली गाडी धरायची नव्हती.

वाडीच्या बायका नेहमीच्या जागी बसल्या. भीमाला आता दिसत कमी होतं, तरी ती आली होती. नारूची होडी पाण्यावर होती.

धुकं आलं, छत्री आली. मोटारीचा पोचा दिसताच वाडीत ओळखीचं हसू पसरलं. बटण शिवून झालं, बरजोरजी रडला. खुनी समोरच्या इमारतीत गेला. हंसा ह्या वेळी खांद्याकडे बघायचं ठरवून आली होती. त्यानं बंदूक लावली, डोळा मिटला, आणि पडदा पांढरा झाला. चिमणशेठजवळ मशीन एकच होतं. डबा बदलायला वेळ लागे.

खांदा पडला होता. पडल्यासारखा दिसला होता. पांढऱ्या पडद्याकडे बघता बघता हंसाच्या लक्षात आलं की आता ते शोधायला नको. पलीकडे चिमणशेठ त्या महागड्या डब्याचं झाकण उघडत होता. आत ती बाई होती, जिवंत किंवा मेलेली. हंसाच्या घरात तर ती इतकी वर्षं जिवंतच होती, आणि नारू दर खेपेला परत येत होता.

ती उठली. "चला गो."

"कुठं?" पुतळीनं विचारलं.

"गाडी चुकेल."

पुतळीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा समुद्राच्या बाजूला पाहिलं आणि ती उठली. मग एकेक करत सगळ्या उठल्या. कुणी पदराला गाठ मारली नाही. गोष्ट अर्धी नव्हतीच. तिकीट मास्तर आपल्या जागेवरून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा शेवटाला ते बसलेले होते आणि दुसरं कुणी उठून चाललं होतं.

"अरे बेन, असली अंत हाय," चिमणशेठ रीळ हातात धरून म्हणाला. "तुमच्यासाठी आणला."

"असली तुझ्याजवळ ठेव शेठ. ह्यांना दाखव. देवाचा डबा आणलायस ना?"

"हाय. सोबतच असतो तो."

"मग तो लागला की हाक मार. आरतीला येतो."

बायका बाहेर वलांड्यांच्या मधे वाळूत बसल्या. वारं सुटलं होतं आणि सुके बोंबील एकमेकांवर घासून सळसळत होते. तंबूत मशीन सुरू झालं. हंसा मोठ्यानं बोलायला लागली, पुतळीच्या सुनेच्या माहेरचं काहीतरी, जरा रेटूनच. आतून एकदा काहीतरी वाजलं, फटकन. फळी पडली असेल, तंबूचा खुंटा असेल. लोक काहीतरी पुटपुटले.

"काही ऐकू आलं का गो?" भीमानं विचारलं.

"नाय आय."

"मला पण नाय," भीमा म्हणाली. डोळे अधू झाले होते, तरी त्या म्हातारीचे कान असे होते की तीन घरांपलीकडची कुजबुज तिला ऐकू येई. "बोल तू. त्या सुनेचं पुढं काय झालं?"

हंसानं सुनेची गोष्ट शेवटापर्यंत नेली. तेवढ्यात आत शंख वाजला. चिमणशेठनं तंबूची कनात उचलून हाक मारली, आणि सगळ्या जणी लुगड्यांची वाळू झटकून, पदर डोक्यावर घेऊन आरतीला आत गेल्या.